आठ ओळींची जागा

सरकारने डबघाईला आलेल्या वर्तमानपत्रांना मदत करायचं ठरवलं, तेव्हा आमच्या संपादकांचे पाय जमिनीवर ठरेनात. संपादक म्हणजे माझे धाकटे दीर. याच गृहस्थांनी नऊ वर्षांपूर्वी पहिल्या पानावर चौकट टाकून लिहिलं होतं, की सरकारच्या दारात उभं राहणाऱ्या वर्तमानपत्रात आणि भिकाऱ्यात फरक एवढाच, की भिकाऱ्याला थोडी लाज असते. वाक्य माझं होतं, सही त्यांची. चौकट इतकी आवडली की फ्रेम करून त्यांनी आपल्या केबिनमध्ये लावली. योजनेची बातमी आली त्या दिवशी अकराच्या सुमारास मी प्रुफं घेऊन आत गेले, तर भिंतीवर नुसता खिळा. विचारलं, तर म्हणाले काच तडकली. मी कपाटामागे वाकून पाहिलं. काच धडधाकट होती.

मी या घरातली थोरली सून. आमचा अंक सासऱ्यांनी सुरू केला, मुलांनी चालवला, आणि आता भाऊजी तो मारत होते. खाली छपाईचं यंत्र, वर तीन खोल्या, जिन्याखाली कागदाची रिळं आणि टपालाची पोती. नऊ माणसं कामाला. रोज बाराशे प्रती निघत. त्यातल्या किती वाचल्या जात आणि किती काचा पुसायला जात, हे विचारायची आमच्यात पद्धत नव्हती. भाऊजींचे अग्रलेख वाचून कुणी अंक विकत घेईल असं मला कधीच वाटलं नाही. 'परिस्थिती गंभीर आहे, पण आशेला जागा आहे' हे वाक्य त्यांनी पुरापासून परीक्षेच्या निकालापर्यंत सगळ्या विषयांवर वापरलं होतं.

माझ्याकडे चौथं पान होतं. वाचकांच्या पत्रांचं. नवरा गेल्यापासून अकरा वर्षं ते मीच बघत होते, आणि खरं सांगायचं तर त्या पानाशिवाय मला दुसरं काही नव्हतं. अंक बंद पडला तर इमारत विकायची हे घरात ठरलेलं होतं. मग मी दिवसभर घरी, जाऊबाईंच्या राज्यात. चहात साखर किती घालायची ते जाऊबाई ठरवणार, खिडकी कधी लावायची ते जाऊबाई ठरवणार, आणि दुपारी दोन ते चार त्यांची मालिका मी शेजारी बसून बघणार. त्यापेक्षा मी यंत्रात हात घातला असता.

तर योजना. मदत सरसकट मिळणार नव्हती. ज्यांचं 'वाचकांशी जिवंत नातं' आहे त्यांनाच. आता जिवंत नातं मोजायचं कसं? कुठल्याशा समितीने त्यावर तीन बैठका घेतल्या म्हणे, आणि शेवटी अक्कल पाजळली ती अशी, की वर्षभरात ज्याने वाचकांची पत्रं जास्त छापली, त्याचं नातं जास्त जिवंत. बातम्या खऱ्या आहेत का, कुणी वाचतं का, त्याची चौकशी नाही. पत्रं मोजा आणि मोकळे व्हा.

त्या मोजणीत आम्ही पहिले आलो. इतर लोक आठवड्याला दोन-तीन पत्रं छापत. आमची वर्षाची नऊशे चाळीस भरली. भाऊजी तो आकडा येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत सुटले. दुधवाल्यालाही सोडलं नाही.

नऊशे चाळीसपैकी नऊशे एकोणचाळीस मी लिहिली होती. उरलेलं एक भाऊजींनी लिहिलं होतं, स्वतःच्या अग्रलेखाचं कौतुक करायला.

यात मला लाज वाटत होती असं समजू नका. तेव्हा तरी मुळीच नाही. वाचकांची पत्रं हा काय प्रकार असतो हे ज्यांनी रोजची पोती उपसलीत त्यांनाच ठाऊक. मला हव्या असत आठ ओळी, हे पाठवत आठ पानं. गटारापासून सुरू करून जावयाच्या वागण्यापर्यंत पोचत आणि शेवटी कविता जोडत. अक्षर असं, की भिंगातून पाहिलं तरी समजू नये. नवरा हे सगळं वाचायचा. सकाळी पहिले दोन तास त्याचे पत्रांचे. एकेक पाकीट नीट कापायचा, ज्यांचं छापता येत नाही त्यांना दोन ओळी कळवायचा. माझ्यात ती सहनशक्ती नाही. मी आधी त्यांची पत्रं छाटली, मग दुरुस्त केली, मग सगळीच नव्याने लिहू लागले. एकदा सगळंच आपण लिहायचं म्हटल्यावर त्यांची उघडायची कशाला? टपाल आलं की पोत्यात. पोतं भरलं की जिन्याखाली. आलेलं पत्र फेकायचं नाही, हा नवऱ्याचा शब्द मी पाळला. उघडायचं असं काही तो म्हणाला नव्हता.

माझे वाचक मात्र झकास होते. 'एक आई' होती, शाळेच्या दप्तरांच्या ओझ्यावर बोलणारी. 'जागरूक करदाता' होता, खड्डे मोजणारा. आणि माझा सगळ्यात लाडका 'निवृत्त शिक्षक'. त्याला मी दुखरा गुडघा दिला होता, तिरकस स्वभाव दिला होता, आणि असं मराठी दिलं होतं की भाऊजींनी जन्मात लिहिलं नसतं. मी त्याची पत्रं लिहिताना हसत असे.

अर्ज पास व्हायला दोनच गोष्टी बाकी होत्या. एक, सरकारी अधिकारी येऊन तीन पत्रलेखकांना भेटणार. आणि दुसरं, पानाची जबाबदारी असलेल्या माणसाने, म्हणजे मी, एका कागदावर सही करायची: छापलेली सर्व पत्रे वाचकांनीच लिहिलेली आहेत. सही झाली की पुढची तीन वर्षं कागदाचा खर्च सरकारचा. नाही झाली, तर महिनाअखेरीला यंत्र थांबणार.

सही करायला माझी काहीच हरकत नव्हती. अकरा वर्षं खोटं लिहिलं, त्यात एक ओळ आणखी. मला चिंता होती ती माणसं कुठून आणायची याची.

भाऊजींनी अर्ध्या तासात माणसं ठरवली. 'एक आई' म्हणून जाऊबाई. त्यांना मूलबाळ आहे, एवढी एकच पात्रता, आणि मुलाचं दप्तर त्यांनी आयुष्यात कधी उचललेलं नाही. 'निवृत्त शिक्षक' म्हणून आमचे फोरमन, कारण त्यांचे केस पांढरे. बिचाऱ्यांचे तीस वर्षं शाईत हात; मदत बुडाली तर ते या वयात जाणार कुठे, म्हणून हो म्हणाले. 'जागरूक करदाता' कुणी सापडेना, तेव्हा तो आजारी पडला असं ठरलं. भेटीला येता येत नसल्याबद्दल त्याचं दिलगिरीचं पत्र मीच लिहिलं. चांगलं उतरलं होतं. त्यात मी त्याला कावीळ दिली.

चार दिवस तालीम चालली. फोरमनना सासऱ्यांचा जुना कोट चढवला, तो खांद्यात मोठा आणि पोटावर लहान. हात घासून घासून धुतले तरी नखांत शाई राहिलीच, मग भाऊजी म्हणाले की शिक्षकाच्या बोटांना शाई असतेच. जाऊबाईंचं आपल्याला पाच ओळी बोलायला मिळतात की सहा, एवढ्यावरूनच चाललं होतं. आणि एवढ्यावर समाधान होईना म्हणून भाऊजींनी आदल्या दिवशी अंकात बातमी टाकली: आमच्या पत्रलेखकांची शासनाकडून दखल, उद्या कार्यालयात भेट. ते मी प्रुफात पाहिलं होतं. बाराशे अंकांत वाचून कोण येणार आहे, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

मंगळवारी सरकारी अधिकारी आल्या, एक बाई. पस्तिशीच्या असतील. जाड चष्मा, खांद्याला पिशवी, पिशवीत स्वतःची पाण्याची बाटली. आमच्या चहाला त्यांनी हात लावला नाही. भाऊजींनी स्वातंत्र्य, लोकशाही, चौथा खांब हे सगळं एका दमात म्हणून दाखवलं, तोवर बाई आपल्या कागदांवर पेनने बारीक खुणा करत होत्या. मधेच त्यांनी विचारलं, की सरकारने मदत केल्यावर तुम्ही सरकारवर टीका कशी कराल. भाऊजी म्हणाले, निर्भीडपणे. मग घाईघाईने म्हणाले, अर्थात गरज असेल तरच. बाईंनी त्यावरही एक खूण केली.

मधल्या मोठ्या टेबलावर भाऊजींनी एक पोतं रिकामं केलं होतं. ही त्यांची स्वतःची कल्पना. पाकिटांचा ढीग पाहून बाई भारावतील, असा हिशेब. ढीग मोठा दिसावा म्हणून जुन्या पोत्यातलंही थोडं घातलं होतं. पाकिटं आहेत, म्हणजे पत्रं आहेत, म्हणजे वाचक आहेत. ती सगळी चिकटवलेली, बंद आहेत, हे त्या खोलीतल्या एकाही शहाण्याच्या लक्षात आलं नाही. मीही त्यांतलीच. वर्षानुवर्षं ती तशीच पाहिलेली, त्यामुळे पाकीट बंदच असतं असं माझे डोळे धरून चालले होते.

जाऊबाईंनी आपल्या सहा ओळी म्हटल्या आणि सातवी पदरची जोडली. मग फोरमन उभे राहिले. कोटाच्या बाह्या खाली ओढत म्हणाले की मी निवृत्त शिक्षक आहे आणि माझा गुडघा दुखतो. पुढचं विसरले.

तेवढ्यात दार वाजलं. दारात एक वयस्कर गृहस्थ होते. इस्त्रीचा पण विरलेला शर्ट, हातात कापडी पिशवी, जिना चढून आल्यामुळे धाप लागलेली. दम घेतला आणि म्हणाले, की केस कापायला गेले होते, तिथे आमचा अंक पडला होता, त्यात आजच्या भेटीचं वाचलं. अंक ते स्वतः घेत नाहीत. पूर्वी वाचनालयात जाऊन वाचायचे. ते एकोणतीस वर्षं शाळेत शिकवत होते, आणि त्यांना आमच्या 'निवृत्त शिक्षकां'ना एकदा भेटायचं होतं.

भाऊजींचा चेहरा पांढराफटक पडला. बाईंनी मात्र खुर्ची पुढे केली, या, बसा म्हणाल्या. असले खरे वाचक त्यांनाही रोज भेटत नसावेत.

ते बसले नाहीत. सरळ फोरमनसमोर जाऊन उभे राहिले आणि हात जोडले. मग अगदी सभ्यपणे म्हणाले की तुमचं लिहिणं मला फार आवडतं, फक्त एक विचारायचं आहे. सव्वा वर्षापूर्वी तुम्ही लिहिलंत की आपलं सार्वजनिक वाचनालय आता बंद केलेलंच बरं, तिथे पंख्याखाली डुलक्या काढणाऱ्यांशिवाय कुणी जात नाही. तुम्ही तिथे कधी आला होतात? कुठल्या वेळेला? कारण मी रोज दहा ते एक तिथे असायचो, आणि तुम्हाला मी कधी पाहिलं नाही.

फोरमननी माझ्याकडे पाहिलं.

मला ते पत्र आठवलं. आठवलं म्हणजे काय, पत्राची जागा आठवली. चौथ्या पानावर खाली डाव्या कोपऱ्यात ऐन वेळी एक जाहिरात निघाली आणि आठ ओळींची जागा रिकामी राहिली. फोरमन खालून ओरडत होते, पान सोडा म्हणून. मी पाच मिनिटांत आठ ओळी लिहिल्या. वाचनालयच का? तर खिडकीतून त्याची पाटी दिसत होती, म्हणून. पाटीऐवजी पाण्याची टाकी दिसली असती तर मी टाकीवर लिहिलं असतं. वाचनालयात मी कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. पण ओळी फक्कड जमल्या होत्या, डुलक्यांचं वाक्य तर मला इतकं आवडलं की मी ते फोनवर बहिणीला वाचून दाखवलं.

गृहस्थांनी पिशवीतून एक कागद काढला. नगरपालिकेच्या ठरावाची प्रत. वाचनालय बंद करण्याची कारणं त्यात होती, आणि कारण क्रमांक दोन असं, की सुजाण नागरिकांचंही हेच मत असल्याचं वृत्तपत्रांतून दिसून येते. खाली जोडपत्र म्हणून माझं कात्रण. आठ ओळी. बाईंनी तो कागद मागून घेतला आणि चष्मा वर करून वाचला.

"मी याला उत्तर पाठवलं होतं," ते म्हणाले. "सात वेळा. छापलं नाही, त्याबद्दल तक्रार नाही. जागेची अडचण असते."

हे म्हणताना त्यांची नजर टेबलाकडे गेली. ते घरीच पाकिटं बनवत असत, जुन्या नकाशांच्या कागदाची. शाळेतले फाटके नकाशे असावेत. त्या ढिगात निळ्या समुद्राचा एक तुकडा वर आला होता. त्यांनी तो उचलला. उलटा करून पाहिला, मग सुलटा. मग वाकून दुसरं शोधलं. कुणीही त्यांना थांबवलं नाही. एकेक करत त्यांनी सात पाकिटं बाजूला काढली, टेबलाच्या कडेला ओळीने ठेवली आणि प्रत्येकाच्या चिकटवलेल्या कडेवरून बोट फिरवून पाहिलं.

एक पाकीट जाडजूड होतं. ते बाईंनी उघडलं. आत वाचनालय बंद करू नका म्हणून एकसष्ट सह्या होत्या, नावपत्त्यासकट, आणि काही ठिकाणी अंगठे. तारीख ठरावाच्या तीन आठवडे आधीची.

भाऊजी काहीतरी म्हणू लागले. टपालखात्याचा गोंधळ, नव्या माणसाची चूक. आमच्याकडे दहा वर्षांत नवा माणूस आलेला नाही.

"बाई, मला नाही जमायचं हे," फोरमन मला म्हणाले, आणि कोट काढून त्यांनी खुर्चीच्या पाठीवर ठेवला. मग त्या गृहस्थांकडे वळून म्हणाले, "सर, मी यंत्रावर असतो. माझी चौथीपर्यंत शाळा झाली. ते जे आहेत, ते मी नाही."

"मग कोण?"

मी पुढे झाले.

"मी," मी म्हणाले. "सगळी मीच लिहिते."

मला वाटलं होतं ते चिडतील. मी त्याची तयारीही केली होती; चिडलेल्या माणसाला कसं गप्प करायचं ते मला येतं. ते नुसते माझ्याकडे बघत राहिले, हुशार पोराला कॉपी करताना पकडल्यावर मास्तर बघतात तसे. मग खुर्चीवर बसले.

"मी सह्या गोळा करायचं का थांबवलं, सांगू?" ते म्हणाले. "एकसष्ट झाल्या होत्या, आणखी झाल्या असत्या. पण मला वाटलं, आपल्यासारखाच कुणीतरी आहे. शिकवून दमलेला, वाचणारा, आपल्याहून चांगलं लिहिणारा. आणि त्यालाच जर वाचनालय नको असेल, तर आपलंच काहीतरी चुकत असेल."

अकरा वर्षं मी लोकांना मूर्ख समजत आले. त्यांचं अक्षर, त्यांची गटारं, त्यांच्या कविता. आणि हा माणूस मला आपल्याहून शहाणं समजून गप्प बसला होता. मला इतकी स्वतःची किळस याआधी कधी आली नव्हती.

आता निदान बाई उठतील, फाइल मिटतील असं मला वाटलं. मी त्यांना ओळखलं नव्हतं. त्यांनी ठरावाची प्रत परत केली, बाटलीतलं पाणी प्यायल्या आणि शांतपणे तो सहीचा कागद माझ्यासमोर सरकवला. म्हणाल्या, की त्यांच्या अर्जात रकाने दोनच आहेत, किती पत्रं आली आणि किती छापली. आली ती टेबलावर दिसतायत, छापली ती अंकात दिसतायत. उघडली का, असा रकाना नाही. गेल्या आठवड्यात एका ठिकाणी संपादकांचा न्हावी वाचक म्हणून बसला होता, त्याहून तुमचं पुष्कळ बरं. आणि महिनाअखेरीआधी रक्कम वाटली नाही तर ती परत जाते, मग वरून त्यांनाच विचारणा होते.

"पण मी आत्ताच सांगितलं तुम्हाला," मी म्हणाले. "मी लिहिली आहेत म्हणून."

"ते मी ऐकलेलं नाही," बाई म्हणाल्या. "मला फक्त सही हवी आहे."

म्हणजे हे असं होतं. आम्ही वाचकांना न वाचता अंक काढत होतो आणि सरकार आम्हाला न वाचता मदत करत होतं. भाऊजींनी फ्रेम उगाच उतरवली. ती तिथे असती तरी बाईंनी वर पाहिलं नसतं. सरकार आमचं तोंड बंद करेल, आम्हाला विकत घेईल, अशी काय काय भीती मी त्या चौकटीत रंगवली होती! घेण्यासारखं आमच्याकडे काही उरलेलं तर हवं.

भाऊजी माझ्या कानाशी आले. "वहिनी, नऊ घरं आहेत," ते हळूच म्हणाले. "दादाचा अंक आहे हा."

नऊ घरं होती हे खरं. त्यांतलं एक फोरमनचं, आणि ते कोट काढून दाराशी उभे होते. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली, हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. नवऱ्याचं नाव मात्र भाऊजींनी काढायला नको होतं. दादाने या ढिगातलं एकेक पाकीट कापलं असतं.

मी पेन घेतलं आणि छापील ओळीतला 'वाचकांनीच' हा शब्द खोडला. त्यावर 'मी' असं लिहिलं. मग खाली सही केली आणि कागद परत सरकवला.

बाईंनी तो वाचला. असला कागद आपल्याला जोडता येणार नाही म्हणाल्या. मी म्हणाले, दुसरा माझ्याकडे नाही. त्यांनी पिशवी उचलली, आणि जाताना त्या गृहस्थांना नमस्कार केला. आम्हाला केला नाही.

त्या दिवसापासून जाऊबाई माझ्याशी बोलत नाहीत. तेवढंच सुख. भाऊजी बोलतात, म्हणजे मी घर बुडवलं हे रोज दोनदा सांगतात. फोरमनना लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानात अर्ध्या दिवसाचं काम मिळालं. त्यांनी मला दोष दिला नाही, पण रस्त्यात भेटले तर पूर्वीसारखे थांबतही नाहीत. बाकीच्या आठ जणांचं काय झालं ते मी विचारलेलं नाही, कारण विचारायला तोंड नाही.

महिनाअखेरीला शेवटचा अंक निघाला. पहिल्या पानावर भाऊजींचा निरोपाचा अग्रलेख होता. सरकारने मदत नाकारून एका निर्भीड वर्तमानपत्राचा गळा घोटला, असं त्यात होतं. परिस्थिती गंभीर होती, आणि या खेपेला आशेलाही जागा नव्हती. चौथ्या पानावर मी एकच पत्र छापलं, वाचनालयाबद्दलचं, नकाशाच्या पाकिटातलं. एकही शब्द बदलला नाही. लांबलचक होतं, दोनदा तेच तेच म्हणत होतं, तरी पान सगळं त्यालाच दिलं. खाली एकसष्ट नावं.

प्रत घेऊन मी त्यांच्या घरी गेले. दोन खोल्या, भिंतीला लागून पुस्तकांचे गठ्ठे, वाचनालय मोडलं तेव्हा रद्दीतून सोडवलेले. मी अंक चौथ्या पानावर दुमडून दिला. त्यांनी उभ्या उभ्याच सगळं पत्र वाचलं, मग सगळी नावंही वाचली. पहिलं पान उलटून पाहिलं नाही. वाचनालयाच्या जागेत आता फर्निचरचं गोदाम आहे हे त्यांना माहीत होतं, मलाही माहीत होतं.

"कुणी उत्तर लिहिलं तर कळवाल?" त्यांनी विचारलं.

उद्यापासून अंक नाही हे मी सांगायला हवं होतं. मी कळवते म्हणाले.

अंक बंद झाला तरी टपाल दोन आठवडे येत राहिलं. मी रोज रिकाम्या खोलीत जाऊन एकेक पाकीट उघडत होते. गटारं होती, जावई होते, तीन कविता होत्या. एकाने वर्गणी परत मागितली होती. सगळं शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं. वाचनालयाबद्दल कुणी अक्षरही लिहिलेलं नव्हतं. एक उत्तर मला सहज लिहिता आलं असतं. वेगळ्या अक्षरात, थोडं भावनेने, आपण तिथे मुलाला घेऊन जात असू असं सांगणारं. दोन ओळी तर मनात तयारही झाल्या, आणि चांगल्या होत्या.

पंधराव्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी दार उघडलं, माझ्या हातांकडे पाहिलं, मग पिशवीकडे.

"एकही नाही?" त्यांनी विचारलं.

"एकही नाही," मी म्हणाले.